काकोरीचे माउझर, आझादांचे कोल्ट

अश्फाकउल्ला खान यांच्यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. त्यांत काकोरी येते, रामप्रसाद बिस्मिल यांच्याशी असलेली दोस्ती येते, फैजाबादच्या तुरुंगातला फास येतो. काकोरीत अहमद अली नावाचा एक प्रवासीही मारला गेला, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर आधी क्रांतिकारकांच्या हातातली पिस्तुले नीट पाहावी लागतात. त्यातली दोन महत्त्वाची: जर्मन माउझर सी-९६ आणि अमेरिकन कोल्ट १९०३.

माउझरची हिंदुस्थानातली कीर्ती काकोरीच्याही आधीची. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली. पुढच्याच वर्षी बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले, ते याच पिस्तुलांनी. इंग्रजांनाही हे हत्यार नवे नव्हते. १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत महदीच्या अनुयायांवर तरुण विन्स्टन चर्चिलने गोळ्या झाडल्या, त्या माउझरमधूनच.

दिसायला ते विचित्र. मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल. काडतुसांची पेटी मुठीत नसून चापाच्या पुढे, त्यामुळे सगळे वजन पुढच्या बाजूला. ते वजनही रिकामे असताना किलोच्या वर. लाकडी म्यान मुठीच्या मागे जोडले की त्याचाच दस्ता होतो आणि पिस्तूल खांद्याला लावून छोट्या रायफलीसारखे चालवता येते. ७.६३ मिलिमीटरची गोळी सेकंदाला ४०० मीटरहून अधिक वेगाने सुटते. त्या काळातल्या पिस्तुलांत हा वेग फारच मोठा होता.

भरण्याची रीतही वेगळी. दहा काडतुसांची पत्र्याची पट्टी वरून खोचायची, अंगठ्याने काडतुसे आत दाबायची आणि पट्टी ओढून काढायची. पट्टी निघताक्षणी आतला खिळा पुढे सरकतो, पहिली गोळी नळीत जाते आणि घोडा चढलेलाच असतो. म्हणजे भरणे आणि झाडायला तयार होणे या दोन वेगळ्या क्रिया उरत नाहीत. खटका लावायचे लक्षात ठेवले तरच पिस्तूल शांत राहते. रिकामे करायचे तर खिळा पुन्हा पुन्हा मागे ओढून एकेक काडतूस बाहेर काढा. सवय नसलेल्या हातात देण्याजोगे हे हत्यार नव्हे, असे माझे मत आहे.

९ ऑगस्ट १९२५ रोजी नेमके तेच झाले. सहारनपूर-लखनौ पॅसेंजर काकोरीजवळ साखळी ओढून थांबवली. हा बेत आत्ताच नको, सरकार चवताळेल आणि पक्षाची अजून तेवढी ताकद नाही, असे अश्फाक आधी सांगत होते. पण ठरल्यावर ते मागे राहिले नाहीत. सरकारी पैशाची पेटी फुटेना, तेव्हा आपले माउझर त्यांनी मन्मथनाथ गुप्त यांच्या हाती दिले आणि स्वतः घण उचलला. मन्मथनाथ तेव्हा सतरा वर्षांचे. नवे हत्यार हाती आले, चाप दाबला गेला. अहमद अली त्याच वेळी गाडीतून उतरून जनाना डब्यात बसलेल्या बायकोकडे निघाला होता. गोळी त्याला लागली.

मिळाले साडेचार हजार रुपयांच्या आसपास. पण आता तो नुसता दरोडा उरला नव्हता. तेव्हाच्या दंडविधानाचे कलम ३९६ असे होते की, दरोड्यात एकाने खून केला तरी सामील असलेला प्रत्येक जण फाशीला पात्र ठरत असे. पेटीवर घण घालणाराही त्यात आलाच. डिसेंबर १९२७ मध्ये बिस्मिल, अश्फाक, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी फासावर गेले. मन्मथनाथांना कोवळ्या वयामुळे चौदा वर्षांची शिक्षा झाली. बिस्मिल आपल्या चुकीमुळे गेले, ही खंत त्यांनी उतारवयात दूरदर्शनच्या माहितीपटात बोलून दाखवली.

कोल्ट १९०३ हे जॉन ब्राउनिंगचे डोके. वजन माउझरच्या निम्म्याहून थोडे जास्त, अंग सपाट, घोडा आतच झाकलेला, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकायला बाहेर काही नाही. ०.३२ बोरची आठ काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये. मॅगझिन बसवले तरी वरचा भाग हाताने मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी नळीत जात नाही. शिवाय मुठीच्या मागे एक पट्टी असते, ती तळहाताने दाबली गेली तरच चाप काम करतो. लांब पल्ल्याला माउझरपुढे ते दुबळेच. पण लाहोर-दिल्लीच्या रस्त्यांवरून वेष बदलून फिरणाऱ्यांना खांद्याच्या दस्त्याचा काय उपयोग? १९२८ मध्ये साँडर्सवर आपल्या खेडच्या राजगुरूंपाठोपाठ भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या, त्या ०.३२ कोल्टमधून.

मग काकोरीत कोल्ट असते तर अहमद अली वाचला असता का? मला तसे वाटत नाही. मुठीवरची पट्टी पडण्या-धडकण्यापासून वाचवते. उत्सुक मुलगा मूठ घट्ट धरतो तेव्हा ती पट्टी आपोआप दाबली जाते. नळीत आधीच गोळी असेल तर पुढचे सगळे त्याच्या बोटावर.

काकोरीतून निसटलेल्या चंद्रशेखर आझादांकडे २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये कोल्टच होते. माउझरमधली शेवटची गोळी सुटली की खिळा मागेच उघडा राहतो, रिकामे झाल्याचे डोळ्यांना दिसते. या कोल्टमध्ये तशी सोय नाही. शेवटची गोळी गेल्यावरही ते भरल्यासारखेच बंद होते. आझादांनी अखेरची गोळी स्वतःसाठी राखली, असे सांगतात. तसे असेल तर झाडामागून लढताना ते एकेक गोळी मोजत होते. ते पिस्तूल आज अलाहाबाद संग्रहालयात आहे.