हुंडीची रुजुवात : दक्षिण महाराष्ट्रातील द्रव्यव्यवहाराच्या सुरक्षिततेविषयी काही विचार

वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने मिरजेहून पटवर्धनी कागद प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेव्हापासून मोहिमा, तहनामे आणि घराण्यांतील कलह यांच्या इतिहासासाठी या कागदांचा भरपूर उपयोग झाला आहे. त्यामानाने त्यांतील द्रव्यव्यवहाराकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वस्तुतः पटवर्धनांची कर्नाटकातील प्रत्येक मोहीम ही जितकी शस्त्रांची तितकीच पैशाचीही होती. परशुरामभाऊंनी १७९० च्या सप्टेंबरपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत धारवाडचा वेढा चालविला. एवढा काळ फौज पोसावयाची, तर रोकड वाटेवरील लूटमारीतून सुखरूप नेणे किंवा रोकडीऐवजी कागद पाठविणे एवढेच दोन मार्ग होते. कागद पाठवावा, तर तो खोटा नाही याची खात्री पैसे देणाऱ्याने कशी करावी, हा प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या आजच्या देवघेवीतही मूळ प्रश्न हाच आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर वारंवार दिले जाते, परंतु ते टिकणारे नाही. मोडी लिपी हीच जुन्या व्यवहारांची गुप्तता होती, असे ते उत्तर. मोडी ही जलद लेखनाची लिपी होय, कूटलिपी नव्हे. गावोगावचा कुलकर्णी, पेढीवरील कारकून, छावणीतील फडणिसाचा हस्तक हे सर्व ती वाचीत. आजच्या वाचकाला ती दुर्बोध वाटते याचे कारण विसाव्या शतकाच्या मध्यास तिचा शासकीय वापर संपला, हे आहे. खरी कूटलिपी महाराष्ट्रात अन्यत्र होती. महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत लिहून ठेवल्या. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर घालणे, हे त्यांतील मुख्य सूत्र. सूत्र गुप्त होते तोवर पोथ्या गुप्त राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्याची उकल केली, तेव्हा एका पोथीबरोबर त्या लिपीतील सगळे ग्रंथभांडारच उघडे झाले. पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था सुरक्षित राहिली पाहिजे, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, असे ऑगुस्त केर्कहोफ्स याने युरोपात १८८३ मध्ये मांडले होते. महानुभावांच्या लिपीला ही कसोटी लावणे कदाचित अन्यायाचे होईल, कारण धर्मग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नयेत एवढाच त्यांचा हेतू होता. बाजारपेठेत त्यांना वावरावयाचे नव्हते.

हुंडीला मात्र बाजारपेठेतच वावरावयाचे होते. तिचा मजकूर कोणीही वाचावा, यात सावकाराला भय नव्हते. भय होते ते आकडा बदलण्याचे, चोराने पैसे उचलण्याचे आणि एकाच हुंडीचे दोनदा पैसे जाण्याचे. या प्रत्येकावर निरनिराळा उपाय योजलेला आढळतो. रक्कम अंकांत व अक्षरांत लिहून शिवाय तिची निमी रक्कम लिहावयाची आणि ‘त्याची दुप्पट’ म्हणून पुन्हा पूर्ण रक्कम सांगावयाची. एक आकडा फिरविणाऱ्यास उरलेले सर्व आकडे त्याच्याशी जुळवून फिरवावे लागत. आजच्या बँककार्डाच्या क्रमांकातील शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो. तेथेही तत्त्व हेच, जरी त्याचा रोख लबाडीपेक्षा लेखनचुकीवर अधिक आहे.

चोरीवरील उपाय अधिक मार्मिक आहे. शहाजोग हुंडीचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कोणाही इसमास न देता बाजारात पत असलेल्या शहाच्या हातीच द्यावयाचे. पुढे हुंडी चोरीची वा बनावट ठरली, तर त्या शहाने खरा अपराधी हजर करावा, नाही तर रक्कम परत करावी. म्हणजे कागदाची खात्री माणसाच्या पतीला बांधलेली होती. याखेरीज हुंडी लिहिणारी पेढी हुंडीची खबर देणारे स्वतंत्र पत्र दुसऱ्या पेढीस पाठवी. हुंडी आणि पत्र यांची रुजुवात झाली की पैसे मिळत. हुंडी हरवल्यास पेठ, तीही हरवल्यास परपेठ लिहून दिली जाई, आणि एक प्रत पटली की बाकीच्या रद्द समजल्या जात. पटलेल्या हुंडीस खोका म्हणत. तो दप्तरी जपून ठेवीत. ही वहिवाट इतकी रुजलेली होती की, १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील अशा लेखांसंबंधीचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात अबाधित ठेवले.

राजपत्रांत हेच काम शिक्का व मोर्तब यांनी केले. शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब शेवटी उठवीत, त्यापुढे कोणी ओळ घुसडू नये म्हणून. शिवछत्रपतींच्या मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ या शब्दांचा अर्थच येथे लेखनाची मर्यादा झाली, असा आहे. कागदाच्या जोडांवर पाठीमागून शिक्के करीत, ते मधला बंद बदलू नये म्हणून. पाठविणारा कोण आणि मजकूर अविकृत आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे आज डिजिटल स्वाक्षरी देते. डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये सुचविलेली आणि रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ मध्ये प्रत्यक्षात आणलेली दोन किल्ल्यांची पद्धती तिच्या मुळाशी आहे. खाजगी किल्लीने स्वाक्षरी करावयाची, सार्वजनिक किल्लीने ती कोणीही तपासावी. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. शिक्का खोदून घेता येई. ही किल्ली गणिताने शोधून काढणे व्यवहारतः अशक्यप्राय आहे. तेव्हा जुन्या व्यवस्थेपेक्षा नवी भक्कम, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ती भक्कम आहे ती स्वाक्षरीच्या जागी. रुजुवातीच्या जागी तिची कसोटी २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत लागली. ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवशी बँकेचे ९४ कोटी ४२ लक्ष रुपये गेले. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी काढले गेले, आणि १३ कोटी ९२ लक्ष रुपये आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेद्वारा हाँगकाँगमधील खात्यात वळविले गेले. देशातही पैसे काढले गेले. मिरजेपासून जवळच असलेले कोल्हापूर हे त्यांतील एक ठिकाण होते. यात कोणी कूटलेखनाचे गणित सोडविले नव्हते. पैसे द्यावेत काय, असे एटीएम जिला विचारते ती बँकेची यंत्रणा बाजूस सारून तिच्या जागी तोतया यंत्रणा बसविण्यात आली. खात्यांकडे न पाहताच ती प्रत्येक मागणीस होकार देत गेली. जुन्या भाषेत सांगावयाचे, तर हुंडीही बनावट आणि तिची खबर देणारे पत्रही बनावट. पेढीवरील माणसाने मात्र रुजुवात रीतसर केली.

या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये ११ जणांना शिक्षा ठोठावली. शहाजोग हुंडीत पैसे उचलणारा शहा हाच जबाबदारीचे मूळ असे. येथे कार्ड घेऊन यंत्रापुढे उभे राहणाऱ्यास कोणाची पत जोडलेली नव्हती. आणखी एक भेद आहे, तो काळाचा. मुदती हुंडीत मुदत भरेपर्यंत दिवस जात आणि दर्शनी हुंडीतही शंका आल्यास पेढी थांबे, विचारणा करी, जासूद परत येईपर्यंत पैसे अडकून राहत. व्यापाऱ्यांना हा विलंब जाचक वाटे, यात शंका नाही. कॉसमॉस बँकेच्या बाबतीत परदेशांतील सहस्रावधी उचली काही तासांत आटोपल्या.