वारसा आणि परवाना

मनुष्य जातो आणि त्याच्या वस्तू मागे राहतात. या साध्या अनुभवावर वारसाहक्काचा सारा कायदा उभा आहे. आजोबांची पेटी नातवाकडे येते, ग्रंथांचे कपाट लेकीच्या घरी जाते, आणि ज्याने ते जमविले तो माणूस त्यांच्या रूपाने थोडासा घरात वावरत राहतो. परंतु जी वस्तू हातात धरता येत नाही, दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रांवर असते आणि परवलीच्या शब्दानेच उघडते, तिचे काय? संगणकावरील खेळांची खाती हे अशा वस्तूंचे ठळक उदाहरण होय. हा प्रश्न पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही, असे आम्हांला वाटते. मालकी या शब्दाचा अर्थ शंभर-सव्वाशे वर्षांत कसा पालटला, हे त्यातून स्वच्छ दिसते.

आरंभ एका पुस्तकापासून करू. अमेरिकेतील एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापून टाकले की, ही प्रत एक डॉलरहून कमी किमतीस कोणी विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ साली न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. प्रत एकदा विकली की तिच्या पुढल्या विक्रीवर प्रकाशकाची सत्ता चालत नाही, हे तत्त्व तेथे दृढ झाले. विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्यास विकावे, भेट द्यावे, मुलांसाठी मागे ठेवावे. प्रकाशकास विचारण्याचे कारण नाही.

खेळ जोवर डब्यात, कॅसेटमध्ये वा तबकडीवर मिळत होते, तोवर त्यांनाही हाच न्याय लागू होता. २००३ साली व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली आणि खेळ तारेवरून घरी येऊ लागले. डबा गेला, आणि डब्याबरोबर मालकीही गेली. स्टीमच्या करारानुसार ग्राहकास मिळतो तो खेळ नव्हे, तर खेळण्याचा परवाना. खाते त्याच्या एकट्याचे, दुसऱ्यास न देता येणारे. मृत्युपत्राने हे खाते वारसाला देता येईल काय, असे २०२४ साली एका ग्राहकाने विचारले, तेव्हा ‘नाही’ असे उत्तर आले. वारसाने परवलीचा शब्द वापरून गुपचूप खेळत राहावे, हे घडते. पण ते हक्काने नव्हे.

धन्याबरोबर संपणारा हक्क ही काही नवी गोष्ट नाही. रोमन कायद्यात दुसऱ्याच्या वस्तूचा उपभोग घेण्याचा हक्क उपभोक्त्याच्या मरणाबरोबर संपत असे. आमच्या मराठी राज्यातही इनाम आणि सरंजाम यांत हाच भेद होता. इनाम वंशपरंपरेचे, सरंजाम चाकरीपुरता. सरंजामदार वारला की तत्त्वतः त्याच्या मुलास नवी सनद घ्यावी लागे. पण सनदेत काय लिहिले आहे हे तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही जाणत होते. आजच्या ग्राहकाला वाटते आपण इनाम विकत घेतले. सनद मात्र सरंजामाची असते, आणि तीही मुलाच्या नावे नवी करून न मिळणारी.

न्यायालये या कोड्याशी झगडत आहेत. स्टीमवरील खेळ पुन्हा विकता येतील, असे पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ साली म्हटले. २०२२ साली अपिलात तो निर्णय फिरला. जर्मनीत एका मृत मुलीचे फेसबुक खाते पाहण्याचा हक्क तिच्या आईबापांना आहे, असे तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ साली ठरविले. रोजनिशी आणि पत्रे वारसांकडे जातात, मग खाते का नाही? कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा केला की, केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘विकत घ्या’ असे म्हणू नका. हा कायदा वारसा देत नाही. निदान शब्दांचा खोटेपणा थांबवितो.

पण वारसा केवळ पैशाचा असतो काय? नॉर्वेतील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायू क्षीण करणाऱ्या आजाराने २०१४ साली, पंचविसाव्या वर्षी वारला. चाकाच्या खुर्चीत बसून तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ वर्षानुवर्षे खेळला. मुलगा एकाकी जगला, याचेच आईबापांना दुःख होते. त्याच्या संगणकावरील रोजनिशीत त्यांनी मृत्यूची वार्ता लिहिली, आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. खेळात त्याने कितीजणांना धीर दिला होता, हे त्यांना तेव्हा कळले. त्या रोजनिशीचे दार बंद राहिले असते, तर आईबापांना आपला मुलगा कधीच पुरता कळला नसता.

आमच्या देशात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या पश्चात माहितीविषयक हक्क बजावण्यासाठी माणूस नेमण्याची तरतूद केली आहे. तीमुळे खेळ वारसाकडे येणार नाहीत; पण मृताच्या खात्यावर घरच्यांचे काही नाते असते, एवढे तरी मान्य झाले. परवाना मरणाबरोबर संपला तर संपो. त्या खात्यात साठलेली माणसाची वर्षे मात्र कंपनीची नव्हेत. ती मागे राहिलेल्यांची आहेत, आणि कायद्याने ती त्यांच्या हाती दिली पाहिजेत.