निजामशाहीतील दखनी-परदेशी वाद : साक्षीदारांचा विचार

इ. स. १५८९ मध्ये अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्याच्या दाराशी दखनी व हबशी लोकांचा मोठा जमाव जमला. त्याचा पुढारी जमालखान हा होता. आत असलेल्या मिर्झाखानाने, म्हणजे परदेशी पक्षाच्या प्रमुखाने, तरुण सुलतान मीरान हुसेन याचा शिरच्छेद करविला. परंतु त्याने जमाव पांगला नाही. दार जाळून लोक आत शिरले आणि पुढे काही दिवस शहरात परदेशीयांची कत्तल चालली.

इराण, तुराण, अरबस्तान येथून आलेल्यांस त्या काळी ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ म्हणत. (येथे ‘गरीब’ म्हणजे निर्धन नव्हे, परका. हे लोक निर्धन असते तर वाद इतका चिघळलाच नसता.) या वादाचे मूळ शिया-सुन्नी भेदात सांगण्याची वहिवाट आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि ही माहिती आपणांस कोणाकडून मिळते, हे पाहिले पाहिजे. फिरिश्ता हा अस्त्राबादचा, बापाबरोबर लहानपणी अहमदनगरास आलेला. कत्तलीच्याच वर्षी तो विजापुरास निघून गेला. ‘बुर्हान-इ-मआसिर’चा कर्ता तबातबा हाही परदेशी, आणि त्याने ज्या दुसऱ्या बुर्हान निजामशहासाठी लेखन केले, त्यानेच १५९१ मध्ये रोहणखेडच्या लढाईत जमालखानाचा पाडाव केला होता. सारांश, आपले दोन्ही प्रमुख साक्षीदार एकाच बाजूचे आहेत. दखनी पक्षाची तक्रार त्यांच्या शब्दांआडून हुडकावी लागते.

ती तक्रार मुख्यतः जहागिरींची व दरबारातील पदांची होती, असे माझे मत आहे. परदेशीयांनी राज्यास काही दिले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १५४९ मध्ये रूमीखानाने अहमदनगरास ओतलेली ‘मलिक-इ-मैदान’ तोफ आज विजापुरास आहे. इराणातून आलेल्या शाह ताहिराने पहिल्या बुर्हानाच्या दरबारात मुत्सद्देगिरी केली आणि १५३७ च्या सुमारास त्यास शिया पंथही स्वीकारावयास लावला. पण जहागिरीस लावून देण्याजोगा मुलूख मर्यादित होता, आणि नव्याने येणारा प्रत्येक असामी आपल्या नात्यागोत्यासाठी जागा मागे. त्यात दखनी सरदारांस जुने स्मरणही होते: निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातील, आणि १४८१ मध्ये गिलाणच्या महमूद गावानाचा घात करणाऱ्या दखनी पक्षाचा अग्रणी. ज्यांच्या बळावर राजघराणे उभे राहिले, त्यांसच दारात थांबावे लागे.

या वादात सर्वांत विचारार्ह स्थान हबशांचे आहे. तेही समुद्रापलीकडूनच आलेले. मग त्यांची गणना दखनी पक्षात का? इराणी मनुष्य फार्सी विद्या, पंथ आणि मायदेशीचे संबंध बरोबर घेऊन येई. हबशी बहुधा गुलाम म्हणून येई, आणि त्याचे मागचे सर्व तुटलेले असे. धनी व सोबती त्यास इथेच मिळत. जन्मभूमीपेक्षा हा संबंध अधिक निर्णायक ठरला असावा. मलिक अंबर अशाच रीतीने बाजारातून दख्खनेत आला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर मोडलेले राज्य त्याने परांड्यास पुन्हा उभारले, मराठे सरदारांस हाताशी धरले, जमीनमहसुलाची व्यवस्था लावली, आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोगलांशी झुंज दिली. त्यास कोणी परदेशी म्हणून गणले नाही.