ट्रान्झिस्टरवर थेंब टाकला तर? चिपवरच्या बायोसेन्सरची गोष्ट

तुमच्या फोनच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्याच पद्धतीने, त्याच कारखान्यात बनवलेला ट्रान्झिस्टर रक्ताचा किंवा लाळेचा थेंब तपासू शकेल का? उत्तर ‘हो’ आहे, आणि ते १९७० पासून माहीत आहे. मग आजही शुगर तपासायला बोटाला टोचावं का लागतं? हे समजायला आधी ट्रान्झिस्टर उघडून बघू.

गेट काढून टाकलं, तर?

फोनमधला ट्रान्झिस्टर म्हणजे मॉसफेट. त्याला पाण्याच्या नळासारखं समजा. सोर्सकडून ड्रेनकडे करंट वाहतो आणि गेट ही त्याची तोटी. गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे गेटमधून करंट आत जात नाही. फक्त गेटवरच्या व्होल्टेजने खालचा प्रवाह कमी-जास्त होतो.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे इथले संशोधक पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये गेटचा धातूच काढून टाकला आणि ऑक्साइडचा थर सरळ द्रवाला लावला. द्रवातले हायड्रोजन आयन या पृष्ठभागाला चिकटतात किंवा सुटतात. त्यामुळे तिथला विद्युतभार बदलतो आणि खालचा करंटही बदलतो. म्हणजे तोटी आता द्रवच फिरवतो. या उपकरणाला आयसफेट म्हणतात.

आयसफेट मुळात पीएच, म्हणजे आम्लता मोजतो. पीएच एकने बदलला की हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट बदलतं, आणि २५ अंश सेल्सिअसला सिग्नल जास्तीत जास्त ५९ मिलिव्होल्टने हलतो. ही मर्यादा निसर्गाच्या नियमातून येते, कारागिरीतून नाही. काचेचा बल्ब नसलेले काही पीएच मीटर याच तत्त्वावर चालतात.

नेहमीच्याच कारखान्यात का बनवायचं?

प्रयोगशाळेत एक आयसफेट बनवणं आणि लाखो सारखे आयसफेट बनवणं यात मोठा फरक आहे. चिप बनवणाऱ्या फाउंड्रीची सीमॉस प्रक्रिया ठरलेली असते. कुठला थर आधी, कुठला नंतर, किती तापमानाला, सगळं पक्कं. एका ग्राहकासाठी त्यात बदल करत नाहीत. पण त्या चौकटीत डिझाइन बसवलं, तर सेन्सर, अॅम्प्लिफायर आणि सिग्नलचे आकडे करणारं सर्किट एकाच चिपवर मिळतं, तेही कमी खर्चात.

अडचण अशी की या प्रक्रियेत गेट वगळता येत नाही. शिवाय ट्रान्झिस्टर सगळ्यात खाली असतो आणि त्याच्यावर धातूच्या तारांचे अनेक मजले असतात. द्रव तिथवर पोहोचणार कसा?

यावर तोडगा असा: द्रवाला खाली नेण्याऐवजी गेटलाच वर आणायचं. गेटपासून एकेका धातूच्या थराला जोडत सगळ्यात वरच्या धातूपर्यंत जायचं. त्या धातूवर चिपच्या संरक्षणासाठी सिलिकॉन नायट्राइडचा थर फाउंड्री तशीही देतेच, आणि सिलिकॉन नायट्राइडला पीएच कळतो! म्हणजे संरक्षक आवरण हाच सेन्सर. बार्सिलोनातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रक्रियेत काहीही न बदलता असे आयसफेट बनवून दाखवले.

फुकट काहीच मिळत नाही

या युक्तीची किंमत मोजावी लागते.

- सिग्नल कमी होतो. संरक्षक थर जाड असतो. त्यामुळे वरचा बदल गेटपर्यंत येईतो त्याचा काही भाग वाटेतच वाटला जातो.
- अडकलेला भार. गेट कशालाच जोडलेलं नसतं, त्यामुळे चिप बनताना त्यावर भार अडकून बसतो. मग शेजारशेजारचे दोन सेन्सरही वेगवेगळा आकडा दाखवतात. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकून किंवा सर्किटमध्ये भरपाई करून हे सुधारतात.
- ड्रिफ्ट. पीएच तोच असला तरी व्होल्टेज हळूहळू सरकत राहतं. त्यामुळे पुन्हा पुन्हा कॅलिब्रेशन करावं लागतं.
- रेफरन्स इलेक्ट्रोड. द्रवाचं व्होल्टेज स्थिर धरणारा इलेक्ट्रोड लागतोच. तो चिपएवढा छोटा आणि टिकाऊ बनवणं अवघड आहे.

सिग्नल वाढवायचा तर फाउंड्रीतून आलेल्या चिपवर टँटलम ऑक्साइडसारखा चांगला थर नंतर चढवतात. पण चिप फार तापवता येत नाही, साधारण ४०० अंशांच्या वर गेलं की आतल्या तारा खराब होऊ लागतात. जीवशास्त्रवाल्यांना आवडणारं सोनं फाउंड्रीत चालत नाही, कारण त्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरून ट्रान्झिस्टर बिघडवतात. सोडियमची तर चिप-कारखान्याला भीतीच असते, आणि रक्त म्हणजे खारट पाणी! म्हणून सेन्सरची जागा सोडून बाकी चिप, बारीक तारांसकट, इपॉक्सीखाली बंद करावी लागते.

जिथे हे जमलं

डीएनएची नवी साखळी बनताना प्रत्येक अक्षर जोडलं गेलं की एक हायड्रोजन आयन सुटतो. अमेरिकेतल्या जोनाथन रोथबर्ग यांच्या आयन टोरेंट कंपनीने नेमकं हेच पकडलं. चिपवर लाखो खड्डे, प्रत्येक खड्ड्याखाली एक आयसफेट. चिपवरून डीएनएची चार अक्षरं पाळीपाळीने सोडायची. ज्या खड्ड्यात पीएच हलला, तिथे ते अक्षर जोडलं गेलं. फोनचा कॅमेरा सेन्सर प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाश मोजतो, ही चिप प्रत्येक पिक्सेलमध्ये आम्लता मोजते. कॅमेरा नाही, लेझर नाही.

२०११ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या त्यांच्या शोधनिबंधात ज्या माणसाचा जीनोम वाचला होता ते होते गॉर्डन मूर, ‘मूर्स लॉ’वाले. त्याच वर्षी जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची जीवघेणी साथ आली, तेव्हा त्या जिवाणूचा जीनोम झटपट वाचायला हे मशीन वापरलं गेलं. कमतरताही आहे. एकच अक्षर सलग सहा-सात वेळा आलं, तर नेमकं किती वेळा आलं हे मोजताना चूक होऊ शकते.

मग रक्तातलं प्रोटीन थेट का ओळखता येत नाही?

सेन्सरवर अँटिबॉडी चिकटवायची, तिने रोगाचं प्रोटीन पकडलं की त्याचा भार ट्रान्झिस्टरने ओळखायचा, अशी कल्पना आहे. पण खारट द्रवात कुठल्याही भाराभोवती उलट भाराचे आयन गर्दी करतात आणि त्याला झाकून टाकतात. रक्ताएवढ्या खारट द्रवात एका नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर भार दिसेनासा होतो. अँटिबॉडी असते साधारण १० नॅनोमीटरची. म्हणजे तिने पकडलेलं प्रोटीन ट्रान्झिस्टरला जवळजवळ दिसतच नाही.

यावर उपाय आहेत. नमुना पातळ करून मीठ कमी करायचं, अँटिबॉडीऐवजी अॅप्टामर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे वापरायचे, किंवा आयन टोरेंटसारखं रेणूऐवजी त्याच्या रासायनिक क्रियेतून सुटणारं आम्ल मोजायचं. पण नमुना पातळ करणं म्हणजे थेट रक्तावर चालणारं उपकरण नव्हे. खूप डिझाइन इथेच अडकतात.

जाहिरात वाचताना

आजचं घरगुती ग्लुकोमीटर ट्रान्झिस्टर-सेन्सर वापरत नाही. त्याच्या पट्टीवर एन्झाइम असतं आणि साखरेशी त्याची क्रिया झाल्यावर येणारा करंट मोजला जातो. दंडावर लावायच्या पॅचमध्येही एन्झाइमच असतं, आणि त्याची बारीक तार त्वचेखाली जाते.

त्वचेला न टोचता शुगर सांगणाऱ्या स्मार्टवॉच आणि स्मार्ट रिंगबद्दल अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला: असं एकही उपकरण मंजूर केलेलं नाही, आणि चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस चुकला तर जीवावर बेतू शकतं. त्यामुळे आई-बाबांसाठी असं घड्याळ मागवण्याआधी तीन गोष्टी बघा. सेन्सरला कुठला द्रव लागतो? कॅलिब्रेशन कसं होतं? वैद्यकीय मंजुरी नेमकी कशाला आहे, शुगरला की फक्त हार्टरेटला? पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर बोटाला टोचणारं मीटर घरात राहू द्या.