राज्य गेल्यावर राजाने काय उभारलं

सन १७९०च्या सुमाराची एक पहाट. तुम्ही तरंगंबाडीच्या वाळूत उभे आहात. मागे डॅनिशांचा डॅन्सबोर्ग किल्ला, पुढे बंगालचा उपसागर. ओंडके बांधून केलेली कट्टुमरम किनाऱ्याला लागतात आणि कोळी जाळी झटकू लागतात. मासळी घ्यायला आलेल्यांच्या गर्दीत एक जर्मन पाद्री आहे. त्याचं लक्ष खाण्याजोग्या मासळीकडे नाही. पूर्वी न पाहिलेला मासा तो शोधतो, कोळ्याला त्याचं तमिळ नाव विचारतो आणि लिहून घेतो. मग मासा मद्यार्कात टिकवून जहाजाने बर्लिनला धाडतो.

हा क्रिस्टोफ झामुएल योन. बर्लिनमध्ये मार्कुस ब्लॉख हा वैद्य जगभरच्या माशांचा ग्रंथ रचतो आहे. १७९३ साली तो एका नव्या प्रजातीला योनच्या नावावरून ‘जॉनिअस’ हे नाव देईल. आपल्या कोकणात ज्यांना ढोमा म्हणतात, ते मासे याच गोतातले.

आता आत वळा, तंजावरकडे. तिथे एक मराठी राजपुत्र वाढतो आहे. जन्म १७७७चा, तुळजाजी राजांनी १७८७ साली, मरणापूर्वी थोडेच दिवस, त्याला दत्तक घेतलं. गादीवर मात्र चुलते अमरसिंह बसले. मुलाची काळजी श्वार्ट्झ या मिशनऱ्याने वाहिली आणि पुढे त्याच्या सुरक्षिततेसाठी त्याला मद्रासला हलवलं गेलं. तिथे तो इंग्रजी शिकला. हे सरफोजी राजे, दुसरे. योनशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे सुरू होणारच आहे.

२५ ऑक्टोबर १७९९. तुम्ही तंजावरच्या वाड्यात आहात. राजे जेमतेम बावीस वर्षांचे, गादीवर बसून दीड वर्षही झालेलं नाही. आज होणाऱ्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे जातो. राजांकडे राहतो तो किल्ला, वाडा, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि महसुलातला पाचवा हिस्सा. व्यंकोजी राजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मिळवलेलं राज्य एका कागदावर संपतं. आता राजांपुढे दोन वाटा आहेत. पेन्शन खात दरबार भरवायचा, ही त्यातली सोपी. दुसरी कोणती ते पाहायला दोन वर्षं पुढे या.

रामेश्वराच्या वाटेवरचं एक छत्र, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. १८०१ साल, मध्यरात्र. तुम्ही दिवसभर चालून आला आहात. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सगळ्या जातींच्या यात्रेकरूंना इथे अन्न मिळतं. शिजलेलं चालत नसेल त्याला शिधा मिळतो. तुम्हाला उशीर झाला आहे, जेवणं उरकली असतील असं वाटतं, आणि तेवढ्यात घंटा वाजते. कोणी उपाशी राहिलं असेल तर त्याने यावं, म्हणून ती रात्री वाजवायची असते. तुमच्यासमोर पान मांडलं जातं. पलीकडे एका आजारी यात्रेकरूजवळ वैद्य बसला आहे. अनाथ मुलांसाठी इथे शिक्षक आहेत, तान्ह्यांसाठी दूध आहे, बाळंतिणीची सोय आहे. सरफोजी राजांनी त्या वर्षी इंग्रज रेसिडेंटला पाठवलेल्या पत्रात ही सगळी व्यवस्था सविस्तर लिहिली आहे. मागणं एवढंच की राज्य गेलं तरी छत्रं आपल्याच देखरेखीखाली राहावीत.

हे पत्र लक्षात ठेवा. राजांनी पुढे जमवलेलं प्रत्येक पुस्तक आणि यंत्र याच्या शेजारी ठेवून पाहायचं आहे.

१८०६. पुन्हा वाडा. शाईचा वास येतो, त्या दिशेला चला. वर्षभरापूर्वी इथे देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू झाला आहे. जुळारी एकेक खिळा उचलतो, ओळ भरतो. अक्षरं उलटी, म्हणून तुम्हाला वाचता येत नाहीत. दाब पडतो, कागद सुटतो, आणि तुमच्या हातात ओलसर मराठी पान येतं. सिंह, कोल्हा, कावळा. इसापाच्या गोष्टी सख्खण पंडितांनी मराठीत आणल्या आहेत, पुस्तकाचं नाव ‘बालबोध मुक्तावली’. मुंबईत मराठी छपाईने अजून मूळ धरलेलं नाही. इथे कावेरीच्या खोऱ्यात, तमिळ मुलखाच्या मध्यावर, मुलांसाठी मराठी पुस्तक छापलं जातं आहे.

पुढच्या दालनांत वेळ काढा. लंडनहून बेंजामिन टोरिन पुस्तकं आणि उपकरणं पाठवतो. तो पूर्वी इथेच रेसिडेंट होता. तुमच्या समोर हवेचा पंप आहे, विजेचं यंत्र आहे, खगोलाची उपकरणं आहेत. शरीररचना शिकण्यासाठी हस्तिदंती सांगाडा आहे. शार्ल ल ब्रूनच्या चित्रांत माणसांचे आणि पशुपक्ष्यांचे चेहरे शेजारी शेजारी मांडले आहेत. कपाटांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ. एखादा उघडलात तर आत राजांची इंग्रजी सही दिसेल. त्याच छताखाली ताडपत्रावरच्या संस्कृत आणि तमिळ पोथ्या, मराठी बाडं, मोडी कागद.

संध्याकाळी नाटक आहे, ‘देवेंद्र कोरवंजी’, खुद्द राजांनी मराठीत रचलेलं. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरातली बाई. तमिळ नाटकांत ती आपल्या डोंगरांचं, आपल्या मुलखाचं वर्णन गाते, हे इथल्या लोकांच्या परिचयाचं. राजांची कोरवंजी साऱ्या जगाचा भूगोल गाते. ज्याने नकाशा कधी हातात धरला नाही, त्याच्याही कानावर दूरदूरचे देश पडतात. नवं शास्त्र लोकांच्या ओळखीच्या चालीवर बसवायचं, ही शिक्षकाची दृष्टी राजांकडे होती.

१८२६. बिशप हीबर भेटीला आले आहेत. युरोपच्या विद्येची ओळख असलेला हा माणूस, आणि राजे त्याच्याशी फूर्क्रुआ, लाव्वाझिए, लिनियस, ब्युफॉन या शास्त्रज्ञांविषयी सहज बोलतात. हीबर थक्क होऊन हे लिहून ठेवणार आहेत. त्यांचं कौतुक ऐका आणि धन्वंतरी महालाकडे, राजांच्या रुग्णालयाकडे चला, कारण राजांच्या विद्येची कसोटी तिथे लागते.

डोळ्यांचा एक रोगी बसला आहे. चित्रकार त्याच्या डोळ्याकडे पाहत रंग कालवतो आहे: पडदा कुठे आला, लाली किती, सूज कुठे. शेजारी कारकून उपचाराची नोंद करतो. अशी नोंद नसेल तर या वैद्याचा अनुभव त्याच्याबरोबरच संपेल. नोंद असेल तर पुढचा वैद्य तिथून सुरुवात करील. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय औषधं इथे एकाच छताखाली वापरली आणि पारखली जातात. ज्यांचा गुण दिसला ती तमिळ पद्यांत गुंफली गेली, म्हणजे गावच्या वैद्याला पाठ करता येतील.

राजे १८३२ साली गेले. पुढे पुरुष वारस न उरल्याने संस्थानही इंग्रजांनी खालसा केलं. राजांचा ग्रंथसंग्रह, म्हणजेच सरस्वती महाल, वाड्यात टिकला आणि १९१८ साली तो सर्वांसाठी खुला झाला. १९८३मध्ये सरस्वती महाल राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरला.

आता वर्तमानात या. वाड्यात देवमाशाचा प्रचंड सांगाडा ठेवला आहे, विसाव्या शतकात तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाचा. शाळेची मुलं त्याभोवती फिरत त्याच्या फासळ्या मोजतात. ग्रंथालयाच्या छोट्या संग्रहालयात ल ब्रूनची चित्रं पाहायला मिळतात. जवळच मोडीतल्या दफ्तरांचे शेकडो गठ्ठे आहेत: वाड्याचे हिशेब, पत्रं, हुकूम. ते वाचू शकणारी माणसं फार थोडी आहेत. तंजावरात मराठी बोलणारी घरं आहेत, पण मोडी वाचणारे डोळे तिथेही विरळ आणि महाराष्ट्रातही विरळ.

विज्ञान संग्रहालयाने काय करावं, याचं उत्तर या वाड्याने दोनशे वर्षांपूर्वी कृतीने दिलं. वस्तू जमवाव्यात, पारखून पाहाव्यात, नोंद ठेवावी, लोकांच्या भाषेत छापावं आणि गावं, आणि जो रात्री घंटा ऐकून येईल त्यालाही दार उघडं असावं. राजांनी आपला वाटा उचलला. नोंदी वाचणं हे आपलं काम आहे. मोडी लिपी सवयीने लागते, आणि तिचे वर्ग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात. तुमच्या घरात शिकणारं मूल असेल, इतिहास किंवा वैद्यक शिकणारा तरुण असेल, तर त्याला हे काम सुचवा. तंजावरच्या गठ्ठ्यांत मराठी माणसाच्या विज्ञानाचा पूर्वेतिहास पडून आहे आणि तो वाचायचा अधिकार आणि जबाबदारी, दोन्ही आपली आहेत.