सोपारा : बंदर बुजले, धम्मलिपी उरली

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. ही रोमन वस्तू सह्याद्री ओलांडून येथवर आली, ती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या व्यापारामुळे. त्या बंदरांपैकी बौद्ध वाङ्मयाशी ज्याचा निकटचा संबंध आहे, ते सोपारा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा.

पालि ग्रंथांत या नगराचे नाव ‘सुप्पारक’ असे येते. ‘उदान’मधील बाहिय दारुचीरिय येथील समुद्रतीरी राहत असे व येथूनच तो तथागतांच्या दर्शनार्थ श्रावस्तीस गेला. मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तात पुण्ण स्थविर सुनापरान्तास जावयास निघतात. तेथील लोक उग्र आहेत, हे सांगितल्यावरही ते डगमगत नाहीत. अट्ठकथा त्यांचे मूळ गाव सुप्पारक असल्याचे सांगते.

अट्ठकथेतील परंपरेस प्रत्यक्ष पुराव्यावाचून इतिहास म्हणता येत नाही. सोपाऱ्याच्या बाबतीत पुरावा मिळाला तो १८८२ मध्ये. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला, तेव्हा आत स्तूप निघाला. त्यातील पाषाणमंजूषेत एकात एक ठेवलेले करंडक, सुवर्णपुष्पे आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना येथेच मिळाला. विहारयात्रा सोडून धम्मयात्रा स्वीकारल्याचे अशोक त्या लेखात सांगतो. कार्ले येथील चैत्यगृहात तर सोपाऱ्याच्या एका भाणकाने, म्हणजे सुत्तपठण करणाऱ्या भिक्खूने, स्तंभ दान दिल्याची नोंद आहे.

पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले. २००९ पासून हे नगर वसई-विरार महानगरपालिकेचा भाग आहे. जलमार्गाची जागा लोहमार्गाने घेतली. तेथे रोज उतरणाऱ्या असंख्य प्रवाशांपैकी स्तूपाकडे वळणारे थोडेच.

अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ मध्ये सापडला. नागपूरची धम्मदीक्षा त्याच वर्षीची. हा योगायोग आहे. त्याला पुरावा मानू नये. पण त्या लेखाचा आशय विचारात घेण्याजोगा आहे. आजारपणात, विवाहप्रसंगी, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासास निघताना लोक जे मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे धम्ममंगल, असे अशोक सांगतो. गलबत हाकारण्यापूर्वी विधी करणाऱ्या आणि माल वाहणाऱ्यांच्या श्रमावर श्रीमंत झालेल्या बंदरात हे शब्द कोरले गेले, हे विसरता येत नाही.

सोपाऱ्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र प्राचीनत्वाच्या अभिमानाने आपली जबाबदारी संपत नाही. आपल्या घरातील मंगलप्रसंग आणि आपल्याकडे राबणाऱ्यांशी असलेले आपले वर्तन त्या शिलालेखाच्या कसोटीवर उतरते काय, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे.