श्यामची आई आणि मृत्यु

साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ मुलांना नुसतें रडवितें, अशी तक्रार आपण ऐकली असेल. मला ती पटत नाहीं. गुरुजींच्या मातोश्री १९१७ सालीं वारल्या. ते तेव्हां सतरा वर्षांचे होते. सोळा वर्षांनीं, १९३३ मध्यें, नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं हें पुस्तक अवघ्या पांच दिवसांत लिहिलें. त्यांतला श्याम आश्रमांतील सोबत्यांना रात्रीं एकेक आठवण सांगतो. म्हणजे आई पहिल्या रात्रीपासूनच गेलेली आहे. शेवटचा मृत्यु हा वाचकाला दिलेला धक्का नव्हे. रक्ताचें नातें नसतां सोबती मात्र तिच्यासाठीं जमतात. लेखकानें पांडुरंग हें नांव झांकून श्याम हें घेतलें—मास्तरांची ही लपवालपवी मला आवडते! १९३५ सालीं निघालेल्या पुस्तकाच्या नांवांतही आईचें स्वतःचें नांव नाहीं. ती केवळ श्यामची.